बार्बेक्यूवर भाजलेल्या भाज्यांचा फ्लॅटब्रेड: आधी भाज्या, मग ब्रेड

फ्लॅटब्रेड जाळीवर टाकल्यापासून पाच-सहा मिनिटांत होतो आणि वांग्याच्या एका चकतीलाच आठ-दहा मिनिटं लागतात. सगळी भानगड इथेच आहे. कच्च्या भाज्या पसरून ब्रेड निखाऱ्यांवर ठेवला की ब्रेड खालून करपतो, वर भाज्या कच्च्या राहतात आणि मधल्या मधे भाज्यांचं पाणी ब्रेडमध्ये मुरून सगळं गिच्च होऊन बसतं. मी सुरुवातीला दोन-तीन वेळा असंच केलं, ओव्हनमध्ये पिझ्झा लावतो तसं, आणि दर वेळी पिठाला दोष देत पीठ बदलत राहिले. पीठ चांगलंच होतं, क्रम चुकत होता.

तर या लेखात जी पद्धत सांगतेय तिचा क्रम असा: भाज्या आधी पूर्ण भाजून, त्यांचं पाणी निखाऱ्यांवरच उडवून, बाजूला काढून ठेवायच्या. मग ब्रेड एका बाजूने भाजायचा, उलटा करायचा, भाजलेल्या बाजूवर भाज्या मांडायच्या आणि कमी आचेच्या बाजूला सरकवून झाकण लावून संपवायचा. बाकी सगळं या क्रमासाठीची तयारी आहे.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. पीठ मळण्यापासून पहिला घास खाईपर्यंत साधारण तीन तास लागतात, पण त्यातला निम्म्याहून जास्त वेळ पीठ एकटंच फुगत बसलेलं असतं, तेवढ्यात तुम्ही भाज्या चिरून कोळसा पेटवून घेता.

पीठ

सहा मध्यम फ्लॅटब्रेडसाठी माझं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ मिली, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १ चमचा, ऑलिव्ह ऑइल २५ मिली. शक्यतो वजनकाट्यावर मोजा, कारण वाटीने मैदा दाबून भरला की सैल भरला यावर बराच फरक पडतो आणि मग पीठ एकदा घट्ट एकदा पातळ असं होत राहतं. ब्रेडसाठीचा म्हणून जास्त प्रोटीनचा मैदा मिळाला तर उत्तम, ताणताना फाटत नाही, पण साध्या मैद्यानेही होतं, फक्त पाणी आधी ३०० मिली घाला आणि मळताना लागेल तसं वाढवा.

गव्हाचं पीठ घालायचं असेल तर मैद्याच्या पाव भागापर्यंत घाला, म्हणजे ५०० पैकी १२५ ग्रॅम, आणि २०-२५ मिली पाणी जास्त. कोंडा पाणी ओढतो, आणि त्याच्या बारीक कडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रोटीनचे, धागे कापतात त्यामुळे गव्हाचं पीठ जास्त झालं की ब्रेड चांगला फुगत नाही. चवीला मात्र निखाऱ्यावर गव्हाचं पीठ फार छान लागतं, म्हणून मी तेवढं घालतेच.

यीस्ट इन्स्टंट असेल तर सरळ पिठात मिसळा. जाड दाण्याचं ॲक्टिव्ह ड्राय असेल तर कोमट पाण्यात साखरेबरोबर भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा, वर फेस आला पाहिजे. फेस नाही आला तर यीस्ट मेलेलं आहे, ते टाकून द्या, त्या पिठात वेळ घालवू नका. पाणी कोमट म्हणजे ४० अंशांच्या आसपास, बोट बुडवलं की ना गरम ना गार असं. ५५-६० अंशांच्या वर यीस्ट मरतं, त्यामुळे उकळतं पाणी घालून पीठ लवकर फुगेल या आशेत राहू नका.

सगळं एकत्र करून आधी नुसतं गोळा करा, झाकून पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग मळायला घ्या. त्या पंधरा मिनिटांत पीठ स्वतःच पाणी पिऊन घेतं आणि नंतरची मेहनत निम्मी होते. मळताना सुरुवातीला हाताला चिकटेल, लगेच वरून मैदा भुरभुरायचा मोह होतो, तो टाळा. आठ-दहा मिनिटं चांगलं तिंबलं की तेच पीठ हात सोडायला लागतं. झालं का ते बघायला लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी हळू ताणा, पातळ पडदा झाला आणि पलीकडचा उजेड दिसला की थांबा. लगेच फाटला तर अजून दोन मिनिटं.

तेल लावलेल्या भांड्यात झाकून ठेवा. दुप्पट व्हायला एक ते दीड तास, हवा गरम असेल तर पाऊण तासातही होतं, म्हणून घड्याळाकडे बघू नका, पिठाकडे बघा. बोटाने खळगा पाडला आणि तो हळूहळू अर्धवट भरून आला तर बरोबर. झटकन भरला तर अजून वेळ आहे, अजिबात भरला नाही तर जास्त फुगलंय, लगेच गोळे करा.

आदल्या दिवशी वेळ असेल तर माझं ऐका आणि यीस्ट २ ग्रॅमवर आणून पीठ फ्रिजमध्ये २४ तास ठेवा. त्या थंड, सावकाश फुगण्यात जी चव येते ती दीड तासात येत नाही, आणि निखाऱ्यावर रंगही जास्त चांगला धरतो. वापरायच्या दीड तास आधी बाहेर काढा, थंड पीठ ताणलं जात नाही.

फुगलं की सहा गोळे करा, साधारण १४० ग्रॅमचा एक. गोळे तेल लावलेल्या ताटात अंतर ठेवून मांडा, वर ओलसर कापड टाका आणि निदान अर्धा तास सोडून द्या. ही पायरी गाळली की लाटताना पीठ रबरासारखं मागे येतं, आणि मग माणूस जोर लावतो आणि मधे फाटतं.

भाज्या कोणत्या आणि कशा चिरायच्या

सहा ब्रेडसाठी कच्च्या भाज्या सव्वा ते दीड किलो लागतात, ऐकायला खूप वाटतं पण भाजल्यावर पाणी उडून बऱ्याच आटतात. झुकिनीत आणि टोमॅटोत साधारण ९५ टक्के पाणी असतं, वांगं, ढोबळी मिरची आणि मशरूम ९२ टक्क्यांच्या आसपास. हे पाणी कुठे जाणार हा प्रश्न आधीच सोडवायचा असतो.

मी घेते ते असं: एक मोठं वांगं, दोन झुकिनी, दोन लाल ढोबळी मिरच्या, दोन मोठे कांदे, पाव किलो मशरूम आणि पाव किलो छोटे चेरी टोमॅटो. सगळंच पाहिजे असं नाही, तीन भाज्या नीट भाजलेल्या असतील तरी पुरे. हिरव्यापेक्षा लाल-पिवळी ढोबळी मिरची घ्या, ती पिकलेली असते, गोडवा जास्त.

चिरताना एकच नियम, जाडी सारखी ठेवा. वांग्याच्या १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, झुकिनीचे उभे काप ७-८ मिलिमीटरचे (गोल चकत्या केल्या तर जाळीतून खाली पडतात आणि एकेक उलटत बसावं लागतं), ढोबळी मिरचीचे बिया काढून चार सपाट तुकडे. मशरूम अख्खे ठेवा.

कांद्याचं जरा सविस्तर सांगते कारण तिथे सगळ्यांची गडबड होते. कांदा आडवा कापायचा, १ सेंटिमीटरची चकती, आणि चकतीच्या बाजूने, म्हणजे कडेतून आत मधोमध, एक सळई आरपार घालायची, लॉलीपॉपसारखी. मग सगळी वलयं एकत्र राहतात आणि चिमट्याने एका झटक्यात उलटता येतं. सळई लाकडी असेल तर आधी अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर टोक जळून जातं. चेरी टोमॅटोही सळईवरच ओवा, आणि शक्य असेल तर चपट्या लोखंडी सळईवर, गोल सळईवर टोमॅटो स्वतःभोवती फिरतात आणि एकच बाजू भाजली जाते.

वांगं आणि झुकिनीला मीठ लावून चाळणीत वीस-तीस मिनिटं ठेवा. वांगं आतून स्पंजसारखं असतं, हवेच्या बारीक पोकळ्या असतात, तेल लावलं की पिऊन टाकतं आणि परत कोरडंच दिसतं. मिठाने त्या पोकळ्या थोड्या बसतात, पाणीही सुटतं. नंतर कापडाने नीट टिपून घ्या, मीठ जास्त वाटलं तर एकदा पाण्यातून काढून टिपा. ओली भाजी जाळीवर टाकली की आधी उकडते मग भाजते, आणि आपल्याला उकडलेली नकोय.

तेल जाळीला न लावता भाजीला लावा. अर्ध्या किलोला साधारण एक मोठा चमचा, हाताने चोळून, सगळीकडे पातळ थर बसेल एवढंच. तेल ठिबकत असेल तर ते निखाऱ्यावर पडून ज्वाळा उठते आणि भाजीला काजळीचा कडवट वास बसतो. लसूण आणि ताजी पानं आत्ता लावू नका, दोन्ही जळतात. मिरपूड, थोडं मीठ, बस.

आग

कोळशाचा बार्बेक्यू असेल तर सगळा कोळसा एका बाजूला लावायचा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची. या दोन भागांशिवाय फ्लॅटब्रेड होत नाही असं मी अगदी ठामपणे सांगेन. एका बाजूला जोरदार धग, जिथे भाजायचं. दुसऱ्या बाजूला फक्त गरम हवा, जिथे पळून जायचं, म्हणजे काही करपायला लागलं की सरकवायला जागा हवी, आणि ब्रेड शेवटी तिथेच पूर्ण होतो.

पेटवायला चिमणी, म्हणजे तो उभा पत्र्याचा डबा, खाली कागदाचे बोळे आणि वर कोळसा, वीस मिनिटांत काम होतं. पेटवायचं रसायन मी वापरत नाही, ब्रेडला तो वास पटकन लागतो. लाकडी कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो आणि लवकर संपतो, दाबून केलेल्या कोळशाच्या विटा (ब्रिकेट) सावकाश पेटतात पण एकसारख्या तापतात आणि जास्त वेळ टिकतात. भाज्या आणि सहा ब्रेड मिळून तास-सव्वा तास जातो म्हणून मी खाली विटा आणि वर थोडा लाकडी कोळसा असं मिसळते.

कोळसा काळा दिसतोय तोवर काहीही ठेवायचं नाही. निखारे फुलून वर राखेचा करडा थर आला, ज्वाळा बसल्या, की तयार. धग मोजायला हात वापरा: जाळीच्या साधारण १२ सेंटिमीटर वर तळहात धरा आणि मोजा, दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच जोरात, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, सात-आठ सेकंद टिकला तर मंद. भाज्यांना जोरात ते मध्यम, ब्रेडच्या पहिल्या बाजूला मध्यमपेक्षा थोडी जास्त. एकदम धगधगीत निखाऱ्यावर ब्रेड टाकला तर वीस सेकंदांत काळा होतो आणि आत कच्चा राहतो.

गॅसचा असेल तर सगळे बर्नर फुल करून झाकण लावून पंधरा मिनिटं तापवा, मग एका कडेचा बर्नर बंद करा, झाले दोन भाग. झाकण नसलेला छोटा बार्बेक्यू असेल तर एखादं मोठं धातूचं पातेलं उपडं घालून झाकण म्हणून वापरा, पण त्याला प्लास्टिकची मूठ नको.

जाळी गरम झाल्यावरच घासा, गरम असताना चिकटलेलं पटकन सुटतं. तारेचा ब्रश असेल तर घासून झाल्यावर चिमट्यात घडी केलेलं ओलं कापड धरून एकदा पुसाच, ब्रशची तुटलेली तार जाळीवर राहते आणि तिथून अन्नात जाते, दिसत नाही आणि घशात रुतली तर भयंकर. आणि कोळशाचा बार्बेक्यू घरात, गॅरेजमध्ये, बंद गॅलरीत कधीच पेटवायचा नाही, निखारे विझत आलेले दिसत असले तरी. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस दगावतो. जवळ एक बादली पाणी किंवा वाळू ठेवा.

भाज्या भाजणं

आधी ढोबळी मिरची, सालीची बाजू खाली, सगळ्यात जोरदार आचेवर. तिला हलवायचं नाही. साल काळी पडून फुगायला लागते, दहा-बारा मिनिटांत पूर्ण काळी होते, तेव्हा काढून भांड्यात घालून वर ताट झाका. दहा मिनिटं तिच्याच वाफेत राहिली की अंगठ्याने नुसतं सरकवलं तरी साल अख्खी निघून येते, खाली लाल गर मऊ, चकचकीत, धुराचा वास लागलेला. नळाखाली धुऊन साल काढू नका, चव पाण्याबरोबर जाते. कुठे कुठे काळे ठिपके राहिले तर राहू दे.

त्याच वेळी कांदे मध्यम आचेवर, एका बाजूला पाच-सहा मिनिटं, मग उलटून तेवढीच. बाहेरून रंग आलाय पण आत करकरीत लागतोय असं झालं तर गार बाजूला सरकवून झाकण लावा, पाच मिनिटांत मऊ होतो.

वांगं मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं. वांगं अर्धवट भाजलं तर वातड लागतं, तोंडात रबर चावल्यासारखं. चिमट्याने मधोमध दाबून बघा, सहज दबलं पाहिजे, कुठेही पांढरा कोरडा भाग दिसता कामा नये. झुकिनीचं उलटं, जोरदार आच, एकेका बाजूला दोन-तीन मिनिटं, पट्टे उमटले की काढा, जास्त ठेवली की लिबलिबीत होते. मशरूम देठाची बाजू वर करून ठेवा, आठ मिनिटांत वाटीत पाणी साठतं, ते चिमट्याने उलटून सांडून टाका आणि अजून एक-दोन मिनिटं. टोमॅटो साल फुटेपर्यंत, तीन-चार मिनिटं.

भाजी जाळीला चिकटली तर ओढू नका. तिला अजून अर्धा मिनिट द्या, खालची बाजू नीट खरपूस झाली की स्वतःच सुटते, ओढली तर अर्धी जाळीवर राहते.

आता जे सांगतेय ते मला सगळ्यात उशिरा कळलं. भाजलेल्या भाज्या ताटात ढीग करून ठेवायच्या नाहीत. ढिगात वाफ कोंडते, पाणी सुटतं, आणि पाच मिनिटांत ताटात चमचे-चमचे रस दिसतो. तार असलेल्या रॅकवर एकेक पसरून ठेवा, वाफ निघून जाऊ दे. कोमट झाल्या की मोठे तुकडे करा आणि मग मसाला लावा: तीन चमचे ऑलिव्ह ऑइल, एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, किसलेली एक लसूण पाकळी, मीठ, मिरपूड. कोमट भाजी हे शोषून घेते, गार भाजीवर ते नुसतं बाहेर राहतं. टोमॅटो वेगळे ठेवा, त्यांचं पाणी शेवटपर्यंत सुटत राहतं, ते अगदी शेवटी वरून.

ब्रेड

भाज्यांना निदान अर्धा-पाऊण तास गेलेला असतो, म्हणजे निखारे थोडे बसलेले असतात आणि हीच ब्रेडला हवी ती आच. हात धरून बघा, तीन-चार सेकंद. खूप उतरली असेल तर पेटलेले थोडे निखारे वाढवा, काळा कोळसा टाकू नका, धूर होतो.

ब्रेड सुरू करायच्या आधी सगळं हाताशी मांडून घ्या: भाज्या, सॉस, चीज, तेल आणि ब्रश, चिमटा, मोठं उलथनं, लाकडी पाट. एकदा ब्रेड जाळीवर गेला की स्वयंपाकघरात पळायला वेळ नसतो.

गोळा हातानेच दाबून ताणा किंवा लाटा, ४-५ मिलिमीटर जाड, आकार लांबट गोल केला तर उचलायला आणि उलटायला सोपा जातो. परत मागे येत असेल तर दहा मिनिटं सोडा आणि दुसरा घ्या. कडेला पिझ्झासारखी जाड किनार ठेवू नका, इथे ती कच्ची राहते. लाटलेला ब्रेड तेल लावलेल्या बेकिंग पेपरवर ठेवा आणि वरूनही तेलाचा पातळ हात फिरवा.

जाळीवर टाकायची युक्ती: पेपरसकट उचलून उलटा, म्हणजे पीठ खाली जाळीवर आणि पेपर वर. पाच-दहा सेकंद थांबून कडेपासून पेपर सोलून घ्या. पेपर जाळीवर विसरू नका, पेटतो. हाताने पीठ उचलून टाकलं तर ते मधे लोंबतं आणि एका ठिकाणी जाड एका ठिकाणी पातळ पडतं, पेपरने जसं लाटलं तसंच्या तसं बसतं.

पीठ जाळीतून खाली पडेल अशी सगळ्यांना भीती असते, मलाही होती. पडत नाही. तापलेल्या सळ्यांना टेकताच खालच्या थरातला स्टार्च आणि ग्लुटेन काही सेकंदांत घट्ट होतात आणि ब्रेड स्वतःलाच धरून ठेवतो. पहिली तीस-चाळीस सेकंद मात्र हात लावायचा नाही. मग वर बुडबुडे यायला लागतात, आधी कडेला मग मधे, पीठ पांढऱ्याचं जरा निस्तेज दिसायला लागतं, आणि भाजल्याचा तो वास येतो. उलथन्याने एक कोपरा उचलून बघा, तपकिरी पट्टे आणि कुठे कुठे काळे ठिपके दिसले की झालं, साधारण एक ते दीड मिनिट. एकीकडे जास्त रंग येत असेल तर उचलून नव्वद अंशांत फिरवा.

आता काढून पाटावर ठेवा, भाजलेली बाजू वर. कच्ची बाजू खाली. या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे: भाजलेल्या बाजूला कडक पापुद्रा आलेला असतो, सॉस आणि भाज्यांचा ओलावा तिथून लगेच आत शिरत नाही. त्यावर ब्रशने तेल, मग सॉस एक ते दीड चमचा, त्याहून जास्त नको, मग चीज, मग भाज्या एकाच थरात. ब्रेडचा पृष्ठभाग मधून मधून दिसला पाहिजे. हात सैल सुटतो इथे, भाज्या एवढ्या छान दिसत असतात की अजून थोडी अजून थोडी असं होतं, पण ढीग केला की खालचा ब्रेड शिजतच नाही.

परत जाळीवर, सुरुवातीला जोरदार बाजूला अर्धा-पाऊण मिनिट, खालच्या कच्च्या बाजूला रंग येईपर्यंत, मग गार बाजूला सरकवा आणि झाकण लावा. वरची हवेची भोकं उघडी. तीन-चार मिनिटं. झाकण सारखं उघडू नका, कोंडलेली गरम हवाच वरून शिजवतेय.

चीजबद्दल एक. ओव्हनमध्ये वरून उष्णता येते म्हणून चीजला सोनेरी डाग पडतात, इथे उष्णता खालून आहे, चीज वितळेल पण वरून तपकिरी होणार नाही. त्या रंगाची वाट बघत बसलं की खालून ब्रेड करपतो. वितळलं की काढा. ताजं मोझरेला असेल तर तुकडे करून अर्धा तास कागदावर निथळायला ठेवा, त्यात पाणी खूप असतं. फेटा चीज वितळत नाही, तो काढल्यावर वरून चुरा, मला वांग्याबरोबर तोच आवडतो.

सॉसमध्ये टोमॅटोचा नेहमीचा पातळ सॉस इथे चालत नाही. मी भाजलेल्या ढोबळी मिरचीतली अर्धी, एक लसूण पाकळी, दोन चमचे तेल, चमचाभर व्हिनेगर आणि मीठ असं वाटून घेते, दाट होतं, धुराची चव आधीच आहे. किंवा सॉस न लावता नुसतं तेल, आणि ब्रेड झाल्यावर घट्ट दह्यात लसूण-मीठ घालून ते वरून. दही, ताजी पानं, लिंबू, सगळं आगीवरून काढल्यावरच.

काढलेला ब्रेड ताटात ठेवू नका, खाली वाफ धरून तळ मऊ पडतो, रॅकवर एक मिनिट ठेवा, मग कापा. सगळे जमेपर्यंत थांबू नका, जो तयार होईल तो लगेच कापून वाटा, पुढचा जाळीवर असतोच.

काही बिघडलं तर

ब्रेड बाहेरून काळा आणि आत कच्चट: आच जास्त किंवा ब्रेड जाड, पुढचा पातळ लाटा आणि गार बाजूला लवकर सरकवा. चिवट, कडक: आच कमी होती, भाजायला जास्त वेळ लागला आणि ब्रेड वाळला, निखारे वाढवा. अजिबात रंग येत नाही आणि चवीला आंबूस: पीठ फार वेळ फुगलं, यीस्टने साखर संपवली, या वेळी वरून तेल जरा जास्त लावा. चिकटला: जाळी पुरेशी तापली नव्हती किंवा स्वच्छ नव्हती. मधे भोक पडलं: चिमटीने जुळवून दाबा, आणि त्या जागी सॉस लावू नका.

खूप माणसं असतील तर सगळे ब्रेड आधीच दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट भाजून, गार करून, कापडात गुंडाळून ठेवा, ऐन वेळी फक्त मांडून गार बाजूला झाकणाखाली गरम करायचे. असे अर्धवट भाजलेले ब्रेड फ्रीजरमध्येही महिनाभर चांगले राहतात. उरलेल्या भाज्या डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा. लसूण घातलेल्या तेलातल्या भाज्या बाहेर ओट्यावर ठेवायच्या नाहीत, लसूण-तेलात बाहेरच्या तापमानाला बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात.

शेवटचा ब्रेड निघाला तरी निखाऱ्यांत बरीच धग शिल्लक असते. मी एक अख्खं वांगं काट्याने टोचून आणि लसणाचा एक गड्डा फॉइलमध्ये तेल घालून गार होत चाललेल्या बाजूला ठेवते, झाकण लावून, आणि जेवायला बसते. पाऊण तासाने वांगं खचून मऊ झालेलं असतं, लसूण पाकळ्यांतून नुसता दाबून बाहेर येतो, दोन्ही कुस्करून लिंबू-मीठ-तेल घातलं की पुढच्या वेळचा सॉस तयार, फ्रिजमध्ये तीन दिवस. मग खालची-वरची सगळी भोकं बंद करा म्हणजे निखारे हवेविना विझतील. राख दुसऱ्या दिवशीही आत गरम असू शकते, त्यामुळे २४ तास तरी तशीच राहू दे, आणि काढाल तेव्हा धातूच्या डब्यात काढा, प्लास्टिकच्या कचरापेटीत नाही.